हजारो फाइलींची नावं बदलून एका जागी आणायच्या आहेत – स्क्रिप्टची सुरुवात कुठून करू?

अर्धविराम

मंडळी, एक किचकट काम अंगावर घेतलंय. काही जुने फोन, एक कॅमेरा, दोन हार्डडिस्क आणि स्कॅन केलेली कागदपत्रं मिळून तीस-पस्तीस हजार फाइलींचा ढीग आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात 'नवीन फोल्डर (३)', त्याच्या पोटात 'जुना बॅकअप', आणि त्या बॅकअपमध्ये पुन्हा आधीचेच फोटो. 'आयएमजी_०००१' शोधलं की पानभर फाइली निघतात आणि बहुतेकींत वेगळाच फोटो.

सगळं एका ठिकाणी, वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत लागलेलं हवंय. नावावरून निदान तारीख तरी कळावी. हुबेहूब प्रती एकदाच राहाव्यात.

विंडोज वापरते. पायथन थोडंफार येतं, म्हणजे लूप, फंक्शन, फाइल उघडणं-वाचणं इथपर्यंत. तयार सॉफ्टवेअर सुचवलंत तर बघेन, पण स्क्रिप्ट लिहून पाहायचीच आहे. आणि 'आधी बॅकअप घ्या' असं कृपया कुणी लिहू नका, घेतलाय. :)

खटपट्या

बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे ना? त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरला बॅकअप म्हणत नाहीत. एवढं विचारून गप्प बसतो.

अर्धविराम

वेगळ्या डिस्कवर आहे, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली आहे.

मुखदुर्बळ

एवढ्यासाठी स्क्रिप्ट कशाला? मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये पॉवररीनेम आहे, फुकट आहे. फाइली निवडा, शोध-बदल द्या, बाजूला नवीन नावं आधीच दिसतात. त्याहून जास्त पर्याय हवे असतील तर बल्क रीनेम युटिलिटी आहे, फक्त तिचा स्क्रीन बघून घाबरू नका.

टंकाळा

एका फोल्डरातल्या दोनशे फाइली असत्या तर मुखदुर्बळ म्हणतात तेच केलं असतं. इथे नाव कुठून घ्यायचं हे फाइलीगणिक बदलणार आहे: फोटोची तारीख फोटोच्या आत, स्कॅनची बहुधा फोल्डरच्या नावात, आणि काहींची कुठेच नाही. ते ठरवायला 'जर-तर' लिहावं लागतं. म्हणून स्क्रिप्ट.

कोड इथे चिकटवला की डावीकडच्या मोकळ्या जागा उडतात आणि पायथनचा कणाच मोडतो, त्यामुळे शब्दांत सांगतो.

नाव बदलणारी ओळ शेवटी लिहा. अगदी शेवटी. पहिल्या स्क्रिप्टने कशालाही हात लावायचा नाही. तिने फक्त सगळे फोल्डर हिंडून एक सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर-यादी) बनवायची: जुना पूर्ण पत्ता, आकार, तारीख, ती तारीख कुठून मिळाली, आणि प्रस्तावित नवा पत्ता. पायथनच्या पाथलिबमधलं आर-ग्लॉब आतल्या फोल्डरांसकट सगळं देतं. ही यादी एक्सेलमध्ये उघडा, नव्या नावानुसार क्रमाने लावा आणि निवांत वाचा. नियम कुठे चुकतोय ते तिथे दिसतं. दुसरी स्क्रिप्ट वेगळी ठेवा. तिने डोकं वापरायचं नाही, सीएसव्हीत लिहिलंय तेवढंच करायचं.

याचा आणखी एक फायदा असा की फोल्डर हिंडता-हिंडताच नावं बदलत गेलं, तर नुकतीच बदललेली फाइल पुन्हा समोर येऊ शकते आणि तिला दुसऱ्यांदा उपसर्ग लागतो. यादी आधीच पूर्ण झालेली असली की ही भानगड उरत नाही.

प्रती ओळखताना आधी आकार बघा. आकार वेगळा तर फाइल वेगळी, विषय संपला. आकार जुळणाऱ्या गटांपुरताच शा-२५६ हॅश (फाइलीचा जणू बोटाचा ठसा) काढा. पस्तीस हजार फाइलींचा हॅश काढत बसायची गरज नाही. हॅश फक्त आतल्या मजकुरावरून निघतो, नाव बदलल्याने तो बदलत नाही.

आणि नक्कल सापडली तरी डिलीट करू नका. 'जास्तीच्या' नावाच्या फोल्डरात हलवा. डिलीट करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये असूच नये असं माझं ठाम मत आहे.

निळीशाई

+१. टंकाळांनी तारखेचा विषय एका शब्दात उरकला, पण खरा वेळ तिथेच जाणार आहे.

विंडोज जी 'तयार केल्याची तारीख' दाखवतं ती फोटोसाठी निरुपयोगी. फाइल दुसरीकडे कॉपी केली की नव्या प्रतीला कॉपी केल्या क्षणाची तारीख मिळते. 'बदलल्याची तारीख' सहसा टिकते, त्यामुळे पुष्कळदा 'बदलल्याची' ही 'तयार केल्याच्या' आधीची दिसते. गोंधळू नका.

खरी तारीख फोटोच्या आत, एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहून ठेवलेल्या माहितीत. पायथनच्या पिलो लायब्ररीतून एक्झिफ मागितलं की पहिल्या फटक्यात हाती लागते ती ३०६ क्रमांकाची तारीख. ती फाइल बदलल्याची असते, एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती पुढे ढकलतं. आपल्याला हवी ती ३६८६७ क्रमांकाची, म्हणजे फोटो काढल्याची. ती आतल्या कप्प्यात असते, त्यासाठी एक्झिफचा तो उपविभाग वेगळा मागावा लागतो. नेटवरच्या बऱ्याच तयार तुकड्यांत ३०६ वरच काम भागवलेलं असतं.

माझा सल्ला, तारखा काढायला एक्झिफटूल वापरा. फिल हार्वे यांचं पर्लमधलं साधन आहे, २००३ पासून चालू आहे, फोटो-व्हिडिओचा जवळपास कुठलाही प्रकार वाचतं. एका आदेशात अख्ख्या फोल्डरची सीएसव्ही काढून देतं. फक्त ते पायथनमधून प्रत्येक फाइलीसाठी वेगळं बोलावू नका, दरवेळी पर्ल नव्याने सुरू होतं आणि काम रांगतं. एकदाच चालवा आणि तयार सीएसव्ही पायथनमध्ये वाचा.

आणखी तीन-चार ठेचा:

एक्झिफमधली तारीख '२०१९:०३:०७' अशी अपूर्णविराम घालून लिहिलेली असते. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. जागी आडवी रेघ घाला, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने आणि एक आकडी महिन्याआधी शून्य देऊन. मग नावाने लावलं की आपोआप तारखेने लागतं.

एकाच सेकंदात सटासट काढलेल्या फोटोंना एकच वेळ मिळते. सेकंदाचे अंश असलेला वेगळा रकाना बरेच कॅमेरे भरतात. तो नसेल तर मूळ क्रमांकच नावाच्या शेवटी राहू द्या.

व्हिडिओ: एमपी-४ मध्ये वेळ प्रमाणानुसार यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची असते, फोटोत स्थानिक. म्हणून एकाच कार्यक्रमातले फोटो आणि व्हिडिओ काही तासांनी फटकून लागतात, मध्यरात्रीच्या आसपासचे तर वेगळ्या दिवशी. काही कॅमेरे व्हिडिओतही स्थानिक वेळच ठोकून देतात, तेव्हा आपल्या यंत्राचा एक व्हिडिओ आधी तपासा.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफ नसतंच. अँड्रॉइडवर त्यांच्या नावातच तारीख असते, आयएमजी, मग आठ आकडे, मग डब्ल्यूए आणि अनुक्रमांक. ती फोटो पोचल्याची तारीख, काढल्याची नव्हे. पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

कुंपणावरचा

मला मुळात प्रश्न पडलाय की नावं बदलायचीच कशाला? फोटो सांभाळणारं कुठलंही सॉफ्टवेअर आतली तारीख वाचून रांगेत लावून देतं. शोध आहे, टॅग आहेत, चेहरे ओळखतं. आयएमजी_०००१ असलं म्हणून काय बिघडलं?

टंकाळा

@कुंपणावरचा, ते सॉफ्टवेअर आहे तोवर काही बिघडत नाही. टॅग आणि अल्बम बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या डेटाबेसात असतात, फाइलीत नाही. सॉफ्टवेअर बदललं की फाइल उरते आणि तिचं नाव उरतं.

शिवाय आयएमजी_०००१ अनेकदा येणं हा अपघात नाही. कॅमेऱ्यांच्या फाइलींसाठी डीसीएफ म्हणून मानक आहे, १९९८ चं. त्यात नाव म्हणजे चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की गाडी पुन्हा ०००१ वर. फोन बदलला, कार्ड बदललं की पुन्हा ०००१. जोवर ती वेगवेगळ्या फोल्डरांत आहेत तोवर ठीक. अर्धविराम त्या एका जागी आणणार आहेत. तिथे नावं बदलली नाहीत तर एकमेकींवर बसतील.

कुंपणावरचा

हे पटलं. पण मग हेही सांगा की कुठल्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये (त्याच्या स्वतःच्या यादीत) या फाइली आधीच घातल्या असतील तर बाहेरून नाव बदलल्यावर ते सगळं तुटतं. त्यात रेटिंग, कात्री लावलेली चित्रं असं काही असेल तर नावं त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच बदलायला हवीत.

अर्धविराम

कॅटलॉग वगैरे नाही, सुटले. टंकाळा, 'एकमेकींवर बसतील' म्हणजे नक्की काय? विंडोज विचारतं ना, बदलू का म्हणून?

टंकाळा

माऊसने ओढलं तर विचारतं. स्क्रिप्टला कोण विचारणार?

पायथनचं ओएस-रीनेम विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर चूक दाखवून थांबतं. हेच लिनक्सवर मुकाट्याने जुनी फाइल पुसून नवी बसवतं. आता गंमत बघा. बरेच लोक पायथनचंच शुटिल-मूव्ह वापरतात, कारण ते एका डिस्कवरून दुसरीवरही नेतं. त्याला तुम्ही पूर्ण नव्या नावासकट पत्ता दिलात, तर ते आधी रीनेम करून बघतं. ते जमलं नाही की कॉपी करून मूळ फाइल काढून टाकतं. 'नाव आधीच आहे' हेही त्याच्या लेखी 'जमलं नाही' यातच मोडतं. म्हणजे विंडोजवरसुद्धा आधीची फाइल गेली, चूक नाही, सूचना नाही.

म्हणून हलवण्याआधी दोन तपासण्या. एक, सीएसव्हीतल्या नव्या पत्त्यांत एकही पत्ता दोनदा आलेला नाही ना, आणि ही तुलना सगळं लहान लिपीत करून करा, कारण विंडोजला 'फोटो.जेपीजी' मधली इंग्रजी अक्षरं लहान की मोठी याने फरक पडत नाही. दोन, प्रत्येक फाइलीआधी नवा पत्ता रिकामा आहे का. रिकामा नसेल तर ती ओळ सोडा, नोंद करा, पुढे चला.

त्याच फोल्डरात क्रमांक सरकवायचे असतील (१ चा २, २ चा ३) तर तिथे आणखी एक फास आहे. सगळ्यांना आधी तात्पुरती विचित्र नावं द्या, मग खरी. तुम्ही नव्या फोल्डरात नेताय, त्यामुळे तुम्हाला हे लागणार नाही.

दीपमाळ

कुणी देवनागरी नावांबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. अर्धविराम, फोल्डरांची नावं मराठीत आहेत का? असतील तर 'ॲल्बम' नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी तयार होतील आणि डोळ्यांना काडीचाही फरक दिसणार नाही.

कारण 'ॲ' दोन प्रकारे लिहिलं जातं. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं म्हणजे 'अ' पुढे चंद्र, जुन्या कळफलकांची पद्धत. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं. तीच कथा 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' मधल्या अर्ध्या र ची. काही कळफलक नुक्तावाला 'ऱ' आणि हलन्त देतात, काही साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह.

पायथनमध्ये युनिकोडडेटा आहे, त्यातलं नॉर्मलाइझ एनएफसी पद्धतीने (समान अक्षरांना एकाच रूपात आणणारी पद्धत) चालवा. त्याने 'ऱ' आणि 'र + नुक्ता' एक होतात. पण ॲ चा घोळ आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा घोळ त्याने सुटत नाही, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. त्यासाठी स्वतःची छोटी बदल-यादी करावी लागते: हे दिसलं की ते घाला.

लांबीही बघा. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) नाव २५५ एककांपर्यंत चालतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. म्हणजे ८५ चिन्हं. पुढेमागे लिनक्सवाल्या नेटवर्क डिस्कवर न्यायचं असेल तर 'वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल व जमाखर्च अंतिम सुधारित' थाटाची नावं आणखी लांबली तर तिथे अडतील.

एक चांगली बातमी: फोल्डरच्या नावात '२०१२' असं मराठी आकड्यांत असेल तरी पायथनला ते कळतं. पॅटर्नमधला आकड्याचा संकेत देवनागरी आकडेही धरतो आणि पूर्णांकात रूपांतर थेट होतं. नव्या नावात मात्र एकच प्रकारचे आकडे ठेवा, मिसळले तर क्रम लागत नाही.

खटपट्या

दीपमाळ, हे वेगळा धागा काढून लिहा हो. वाचनखूण साठवली.

अर्धविराम

यादी करणारी स्क्रिप्ट झाली. चालली! पण एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी नुसता कचरा दिसतोय. नोटपॅडमध्ये नीट दिसतं.

आणि दुसरं, यादीत शेकडो फाइली अशा आहेत की ज्यांच्या नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा आहे, पुढे नेहमीचं फोटोचं नाव. आकार चार केबी. उघडत नाहीत. फोटो खराब झालेत का?

दीपमाळ

सीएसव्ही लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. त्याने सुरुवातीला एक खूण पडते, ती बघून एक्सेल ओळखतं. दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये वाचतानाही तेच द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला ती खूण चिकटून येते आणि 'असा रकाना नाही' म्हणून चूक येते.

निळीशाई

फोटो शाबूत आहेत. ती डिस्क कधीतरी मॅकला जोडली असणार. विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवर मॅक आपली जास्तीची माहिती अशा जोड-फाइलींत ठेवतो. विस्तार जेपीजी असला तरी आत चित्र नाही. यादीतूनच गाळा. त्यांच्यासोबत थंब्स-डीबी, डेस्कटॉप-आयएनआय आणि डीएस-स्टोअर या यंत्रणेने आपोआप बनवलेल्या फाइलीही गाळा.

पण गाळताना हात आखडता ठेवा. काही छोट्या फाइली कामाच्या असतात. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याची कच्ची प्रतिमा) आणि जेपीजी एकत्र काढले असतील तर दोन्हींचं मूळ नाव एकच असतं, बाजूला एक्सएमपी (फोटोबद्दलच्या माहितीची छोटी फाइल) असेल तर तिचंही. आयफोनच्या लाइव्ह फोटोत चित्र आणि छोटा व्हिडिओ अशी जोडी असते. फाइल एकेकटी न घेता फोल्डर आणि विस्तार सोडून उरलेलं नाव यावरून गट करा, आणि अख्ख्या गटाला एकच नवं नाव द्या. नाहीतर चित्र एका महिन्यात आणि त्याची जोडी भलत्याच.

मुखदुर्बळ

मी हे सगळं एआयला विचारलं. त्याने तीस ओळींत स्क्रिप्ट दिली, शुटिल-मूव्ह वापरून. :)

टंकाळा

@मुखदुर्बळ, त्यात 'नवा पत्ता रिकामा आहे का' ही तपासणी आहे का ते बघा. नसेल तर त्यालाच सांगा, घालून देईल. सांगितलं नाही तर पुष्कळदा देत नाही. एआयकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही, पण हलवणारी, पुसणारी आणि पुन्हा लिहिणारी ओळ कुठली हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

खटपट्या

पॉवरशेलवाल्यांसाठी भर. तिथे रीनेम आणि मूव्हला 'व्हॉट-इफ' जोडलं की काय करणार ते नुसतं सांगतो, करत नाही. आणि नावात चौकोनी कंस असतील तर पत्ता 'लिटरल-पाथ' म्हणून द्यायचा. एरवी तो कंसाला पॅटर्न समजतो आणि फाइल सापडतच नाही. मराठी मजकूर असलेली स्क्रिप्ट जुन्या ५.१ मध्ये चालवायची तर ती बीओएमसकट (सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेसकट) सेव्ह करा.

लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे 'रीनेम' नावाचे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, एक पर्लचा, एक यूटिल-लिनक्सचा. एकाचा आदेश दुसऱ्याला चालत नाही. नेटवरून उचलण्याआधी आपल्याकडे कुठला आहे ते बघा.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सध्याची स्थिती: यादी तीन-चारदा नियम बदलून पुन्हा काढली. 'तारीख कुठून मिळाली' हा रकाना सोन्याचा निघाला. त्यावर फिल्टर लावला तेव्हा कळलं की एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो १ जानेवारीला सुरू होतात, म्हणजे घड्याळ लावलेलंच नव्हतं. त्यांचं वर्ष फोल्डरवरून घेतलं आणि नावात महिना-दिवसाच्या जागी शून्यं घातली.

हलवण्याऐवजी कॉपी करू का? जागा आहे.

टंकाळा

जागा असेल तर कॉपीच करा. शुटिलचं कॉपी-२ घ्या, त्याने बदलल्याची तारीख टिकते. पत्ते फार खोल असतील तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येईल. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती उठवायची सोय आहे, पण चालू करावी लागते. त्यापेक्षा नवा फोल्डर थेट डिस्कच्या मुळाशी करा.

प्रत्येक ओळ पार पडली की लगेच नोंदवहीत लिहा, शेवटी एकदम नको. मध्येच वीज गेली तर कुठवर आलो ते कळतं आणि पुन्हा चालवल्यावर झालेल्या ओळी सोडता येतात. पुढे कधी हलवायची वेळ आलीच तर हीच नोंदवही खालून वर वाचत गेलं की सगळं पूर्ववत होतं.

झाल्यावर जुन्या आणि नव्या दोन्हीकडचे हॅश काढा, या वेळी सगळ्या फाइलींचे. जुन्यातला प्रत्येक वेगळा हॅश नव्यात किंवा 'जास्तीच्या' मध्ये सापडला पाहिजे, गाळलेल्या फाइली सोडून. नुसती फाइलींची संख्या जुळवू नका, एक गेली आणि एक दोनदा आली तरी संख्या जुळते.

निळीशाई

आणि हॅशच्या भरवशावर 'आता नक्कल उरली नाही' असं समजू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला तोच फोटो बाइटच्या हिशेबाने वेगळा असतो. दिसायला सारखे फोटो पकडायला इमेजहॅश नावाची लायब्ररी आहे, पण तिचा कौल अंदाजाचा असतो. ते काम नंतर, डोळ्यांनी बघत.

अर्धविराम

कॉपी झाली, हॅश जुळले. सात फाइली अडल्या, सगळ्यांच्या नावाच्या शेवटी रिकामी जागा होती, हाताने केल्या.

आता स्कॅन उरलेत. त्यांत आत तारीख नाही, फोल्डरही नुसता 'स्कॅन'. पीडीएफमध्ये दिसते ती तारीख स्कॅन केल्याची, कागदाची नाही. यांना काय नाव द्यावं?

दीपमाळ

यांना स्क्रिप्ट नाव देऊ शकत नाही, तुम्हालाच द्यावं लागेल. मात्र टंकायचं एक्सेलमध्ये. सीएसव्हीत 'कागदाची तारीख' आणि 'विषय' असे दोन रिकामे रकाने घाला, पीडीएफ एकेक उघडून ते भरा, आणि तीच दुसरी स्क्रिप्ट पुन्हा चालवा. विषयासाठी आधीच दहा-बारा ठरलेले शब्द घ्या. नाहीतर 'पावती', 'पावत्या' आणि 'रिसीट' असे तीन ढीग होतील.

कुंपणावरचा

ओसीआर (चित्रातला मजकूर वाचणारं साधन) लावलं तर? टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरला मराठी येतं.

दीपमाळ

छापील कागदाला लावून बघा, शोधायला उपयोगी पडेल. नावासाठी नको. तारखेतला एक आकडा चुकीचा वाचला गेला तर कागद भलत्या वर्षात जाऊन बसेल आणि तिथे कुणी शोधणार नाही.